लिहिले आहे, पण सांगितले आहे काय?

अन्न टिकवणे ही माणसाची फार प्राचीन विद्या आहे आणि आपल्या किनारपट्टीवर ती घरोघर नांदत आली. वसईच्या वाड्यांतून पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात घालायची, ती मुरून मधाच्या रंगाची झाली की केळीच्याच वाळल्या पानात बांधायची; ही झाली सुकेळी. उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्यांच्या जोड्या बांबूंवर टांगतात आणि पुढचे काम वारा व ऊन करतात. उन्हाळ्यात मिरच्या, धणे, हळद आणि इतर कितीतरी जिनसा भाजून, कुटून बाटल्यांत ठासून भरल्या जात. 'बॉटल मसाला' हे नाव त्या बाटलीचेच. गोव्याच्या चोरीसाला मीठ, मिरची आणि व्हिनेगर यांच्यामुळे जे दीर्घायुष्य लाभते, ते फ्रिजचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीपासूनचे आहे. तेव्हा 'प्रक्रिया केलेले अन्न' हे शब्द कानी पडताच नाक मुरडणाऱ्यांनी आपल्याच कोठीघरात एकवार डोकावून पाहावे. मीठ हे परिरक्षक आहे, व्हिनेगर हे परिरक्षक आहे. धूर आणि ऊन याही प्रक्रियाच.

या सर्व पदार्थांत एक गोष्ट समान होती. करणारा आणि खाणारा एकाच उंबरठ्याच्या आत, फार तर एकाच गावात राहत. लोणच्यात काय घातले आहे, हे विचारावे लागत नसे; विचारलेच तर उत्तर देणारी बाई समोर चुलीपाशी बसलेली असे. आज बिस्किटाचा पुडा, नूडल्सची पिशवी, मुलांच्या डब्यातला जॅम, पाहुण्यांसाठी आणलेले सरबत हे सारे ज्या कारखान्यांतून येते, तेथला कोणताही हात आपल्या ओळखीचा नाही. त्या हातांच्या वतीने आपल्याशी बोलतो तो केवळ पुड्याच्या मागील बाजूवरचा मजकूर. पाकीटबंद अन्नाविषयीचा नैतिक प्रश्न मला त्या मजकुरात दिसतो. विषाची आणि रोगाची चर्चा आरोग्याच्या पानांवर पुष्कळ होते. शब्दांची चर्चा मात्र कोणी करीत नाही.

तो मजकूर एकदा शांतपणे वाचू या. साध्या बिस्किटाच्या पुड्यावर मैदा, साखर, पाम तेल अशी सुरुवात असते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावेत असा नियम असल्यामुळे जो पहिला तो सर्वांत अधिक, हे ध्यानात ठेवावे. त्यापुढे आकडे येतात: 503, 500, 322, 471. हे आकडे कोणी लहरीने दिलेले नाहीत. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून चालवलेल्या 'कोडेक्स' या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने ॲडिटिव्ह म्हणून वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांना ते दिले असून भारतातही तेच चालतात. 500 हा आपला खाण्याचा सोडा. 322 म्हणजे लेसिथिन, अंड्याच्या बलकात आणि सोयाबीनमध्ये असणारा स्निग्ध पदार्थ. तेल आणि पाणी यांची फारकत होऊ न देणे हे त्याचे काम. 330 म्हणजे लिंबाला आंबटपणा देणारे सायट्रिक आम्ल. 300 म्हणजे 'क' जीवनसत्त्व. आणि 100 या आकड्यामागे कोण दडले आहे? आपल्या हळदीचा पिवळेपणा, करक्युमिन. आकडा दिसला की विष समजणे हा भाबडेपणा झाला. किंबहुना मी तर म्हणेन की, शहानिशा न करता एखाद्या द्रव्याला विष ठरवणे हीसुद्धा एक प्रकारची खोटी साक्षच होय. मग ती शेजाऱ्याविरुद्ध असो की कारखानदाराविरुद्ध.

काही ॲडिटिव्हांनी तर माणसांचे प्राण वाचवले आहेत. डबाबंद किंवा खारवलेल्या मांसात हवेवाचून वाढणारा एक जिवाणू बोटुलिझम नावाचा प्राणघातक विकार निर्माण करतो. सोडियम नायट्राइट, आकड्यांच्या भाषेत 250, त्याला रोखते. हेच नायट्राइट पोटात आणि तव्यावरच्या उष्णतेत अशी संयुगे घडवू शकते, की ज्यांचा कर्करोगाशी संबंध जोडला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली प्रक्रिया केलेले मांस मानवी कर्करोगाचे निश्चित कारण असलेल्या गटात घातले, त्यामागच्या विचारात हेही एक कारण होते. एका धोक्यापासून वाचवणारे द्रव्य दुसऱ्या धोक्याचे दार किलकिले करते. अशा ठिकाणी 'चांगले' आणि 'वाईट' अशा दोन टोपल्या पुरत नाहीत. किती, कोणासाठी, किती वेळा, हे विचारावेच लागते आणि ते विचारायचे तर आधी ठाऊक असावे लागते.

येथेच घोडे पेंड खाते. कोणत्याही गावातल्या किराणा दुकानात ऐकू येईल असा संवाद पाहा. तरुण आई विचारते, "काका, या सरबतात काय काय असतं हो? बाळ दीड वर्षाचं आहे." दुकानदार बाटली उलटी करून दाखवतो, "मागं सगळं लिहिलंय की, वहिनी." आणि तो खोटे बोलत नसतो. मागे सगळे लिहिलेले असते. मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, चकचकीत कागदावर, बहुधा इंग्रजीत. आपल्या कायद्यानुसार हा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला म्हणजे पुरे. मराठी ही उत्पादकाची मर्जी. आकड्यांचा अर्थ तर पदवीधरालाही लागत नाही. वहिनी बाटली उलटसुलट करून पाहतात, पैसे देतात आणि घरी जातात. उद्या काही झालेच तर कंपनी म्हणेल, आम्ही लिहिले होते. शेजारीण म्हणेल, आईने पाहून घ्यायला नको होते का? ज्याला सारे ठाऊक होते तो मोकळा, आणि जिला काहीच कळले नाही ती अपराधी! हा हिशेब मला न्याय्य वाटत नाही.

विकणाऱ्याने कोणती गोष्ट सांगावी आणि कोणती न सांगता चालेल, हा प्रश्न नवा नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिका' या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. दोष उघड दिसत असेल तर विक्रेत्याने तो बोलून दाखवलाच पाहिजे असे नाही, असे ते मानतात. त्यांचे उदाहरण एका डोळ्याने आंधळ्या घोड्याचे आहे. गिऱ्हाइकालाही डोळे आहेतच. परंतु दोष लपलेला असेल आणि त्यापासून घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याला अपाय होणार असेल, तर तो न सांगता विकणे अन्यायाचे होय. आणि अशा दोषांत त्यांनी नासलेल्या वा विषारी अन्नाचाही समावेश केला आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या बाजारासाठी केलेली ही विभागणी आजही चपखल बसते. तथापि, आजच्या बाटलीने एक तिसराच प्रकार निर्माण केला आहे, ज्याची कल्पना त्या संताला नव्हती: लिहिलेला, म्हणून कायद्याने उघड, आणि न वाचता येणारा, म्हणून प्रत्यक्षात झाकलेला. हा घोडा एका डोळ्याने आंधळा असल्याचे त्याच्या नालेच्या आतल्या बाजूस परक्या भाषेत कोरून ठेवले आहे. विक्रेत्याने सांगितले असे म्हणायचे काय?

माझे उत्तर 'नाही' असे आहे. सांगणे ही क्रिया ऐकणाऱ्यावाचून पुरी होत नाही.

याच प्रकरणात थॉमस सोन्याविषयीही बोलतात. किमयागाराने बनवलेले सोने खऱ्या सोन्याच्या नावाने विकावे काय? त्यांचे उत्तर मोठे मार्मिक आहे: ते केवळ सोन्यासारखे दिसत असेल तर विकणे ही फसवणूक, मात्र कलेने खरोखरच सोने निर्माण केले, त्यात सोन्याचे सर्व गुण उतरले, तर ते खरे सोने म्हणून विकण्यात दोष नाही. व्हॅनिला आइस्क्रीमचा कप हाती घेताना हे उत्तर आठवावे. व्हॅनिलाच्या शेंगेला सुगंध देणारे मुख्य द्रव्य म्हणजे व्हॅनिलिन. ते लवंगेच्या तेलापासून करता येते, लाकडाच्या लगद्यातून काढता येते आणि आज जगात बहुतांश ते खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनातून तयार होते. रेणू तोच, तसूभरही वेगळा नाही. वेष्टनावर त्याला 'नेचर आयडेंटिकल', निसर्गसमान असे नाव असते. रेणूपुरते पाहिले तर किमयागाराचे सोने खरे निघाले. परंतु शेंगेत व्हॅनिलिनबरोबर इतर शेकडो गंधद्रव्ये असतात. ती या कपात नाहीत, आणि तरी कपावर चित्र असते ते त्या शेंगेचे व फुलाचे. दोष रसायनात नाही, चित्रात आहे.

आपल्या नाताळच्या केकमध्येही असे एक सोने आहे. लालचुटूक, पारदर्शक, गोडमिट्ट 'चेरी' म्हणून जी आपण हौसेने वेचून खातो, ती पुष्कळदा चेरी नसतेच. ते असते आपल्या डोंगरातले करवंद. त्याचा चीक आणि रंग काढून, पाकात मुरवून, लाल खाद्यरंग देऊन ते बरणीत भरतात. टूटीफ्रूटीचे रंगीबेरंगी तुकडे कच्च्या पपईचे. हे कळल्याने केकची चव बिघडावी असे मला मुळीच वाटत नाही. उलट सह्याद्रीचे करवंद नाताळच्या मेजावर मानाने बसते याचे कौतुकच वाटते. पण मग बरणीवर ठसठशीत 'करवंद' असे लिहायला कोणाची हरकत असावी? करवंदाला स्वतःच्या नावाने येता येऊ नये, एवढे का ते हलके आहे?

खोटे न बोलता दिशाभूल कशी करता येते, याचा वस्तुपाठ 2015 साली साऱ्या देशाने पाहिला. नूडल्सच्या प्रकरणाची आठवण पुष्कळांना असेल. मॅगीच्या नमुन्यांत शिसे मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याचा अहवाल आला, जून महिन्यात केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तिच्या विक्रीवर बंदी घातली आणि दुकानांच्या फळ्या रिकाम्या झाल्या. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली: कंपनीला आपली बाजू मांडण्याची संधी मिळालेली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांनी तपासणी केली त्यांना आवश्यक ती मान्यता नव्हती. नव्याने तपासणी झाली, शिशाचे प्रमाण मर्यादेत निघाले आणि नोव्हेंबरात नूडल्स परत आल्या. शिशाच्या बाबतीत कंपनीवर ठपका ठेवण्याचे कारण उरले नाही, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे.

परंतु त्या गदारोळात दुसरा एक मुद्दा होता आणि तो माझ्या मते अधिक विचार करण्यासारखा आहे. पुड्यावर 'नो ॲडेड एमएसजी' असे शब्द होते. एमएसजी म्हणजे आपण ज्याला अजिनोमोटो म्हणतो तो पदार्थ, क्रमांक 621. टोकियोचे प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी 1908 साली समुद्रशेवाळाच्या रश्श्यातून त्याची चव वेगळी काढली. त्याची जी भयंकर कीर्ती झाली तिला काटेकोर प्रयोगांचा आधार फारसा मिळालेला नाही. टोमॅटोत आणि चीजमध्येही तेच ग्लुटामेट निसर्गतः असते. तेव्हा त्याच्या नावाने बागुलबुवा करण्याचे कारण नाही. कंपनीचे म्हणणे असे की, आम्ही एमएसजी वरून घालत नाही. जे आढळले ते शेंगदाण्याच्या विघटित प्रथिनातून, कांद्याच्या भुकटीतून आणि गव्हाच्या पिठातून आलेले. अक्षरशः खरे! पण पुडा हाती घेणाऱ्या आईच्या मनात त्या तीन शब्दांनी कोणता अर्थ उमटत होता? 'यात ते नाही', हाच. वाक्य खरे आणि समज खोटा. प्राधिकरणानेही ते शब्द दिशाभूल करणारे ठरवून काढून टाकण्यास सांगितले.

आपल्या नीतिशास्त्राला हा डाव चांगला परिचित आहे. अर्धे वाक्य ओठांवर ठेवायचे आणि उरलेले अर्धे मनात. ऐकणाऱ्याने चुकीचा अर्थ घेतला तर तो त्याचा दोष! सोळाव्या-सतराव्या शतकांत काही पंडितांनी याला 'मेंटल रिझर्व्हेशन' असे भारदस्त नाव देऊन त्याचे समर्थनही केले होते. 1679 साली पोप इनोसंट अकरावे यांनी ज्या सैल नीतिमतांचा निषेध केला त्यांत हेही मत होते. सत्याची कसोटी केवळ शब्दांवर लागत नाही, दुसऱ्याच्या मनात जे आपण जाणूनबुजून उत्पन्न करतो त्यावर लागते, हा त्या निषेधाचा गाभा. जाहिरातीच्या धंद्याला ही कसोटी लावली तर किती वेष्टने उरतील, हा विचार मनोरंजक आहे. पुढच्या बाजूस टपोऱ्या संत्र्याचे चित्र आणि मागच्या बाजूस सोडियम बेन्झोएट, 110 व संत्र्याचा कृत्रिम स्वाद अशी कितीतरी सरबते आहेत. पुढची बाजू बोलते आणि मागची बाजू केवळ नोंद करते.

रंगांविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण येथे परिरक्षकाची सबब चालत नाही. परिरक्षक खाणाऱ्याचे रक्षण करतो. सरबताचा केशरी रंग कोणाचे रक्षण करतो? तो पदार्थ आहे त्याहून वेगळा दिसावा एवढ्याचसाठी असतो. 2007 साली इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या जवळपास तीनशे मुलांवर एक प्रयोग केला. त्यांना काही दिवस कृत्रिम रंग व सोडियम बेन्झोएट घातलेले पेय दिले आणि काही दिवस तसेच दिसणारे साधे पेय. रंगीत पेयाच्या दिवसांत मुलांच्या चंचलपणात थोडी वाढ दिसली. परिणाम लहान होता, सर्व मुलांत सारखा नव्हता आणि युरोपच्याच तज्ज्ञांनी तो निर्णायक मानला नाही. तरीही युरोपीय संघाने 2010 पासून सहा रंगांसाठी नियम केला: ज्यात हे रंग आहेत त्या पदार्थावर, मुलांच्या वर्तनावर व एकाग्रतेवर याचा अनिष्ट परिणाम होऊ शकतो असे लिहिले पाहिजे. बंदी घातली नाही, फक्त सांगायला लावले. आणि काय झाले? अनेक उत्पादकांनी ते वाक्य छापण्यापेक्षा रंगच बदलले.

त्या सहांपैकी चार रंग, टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पोन्सो 4आर, आपल्याकडे संमत आहेत. आपल्या वेष्टनावर लिहावे लागते ते एवढेच: यात संमत कृत्रिम खाद्यरंग आहे. 'संमत' या शब्दाकडे लक्ष द्यावे. युरोपातल्या वाक्याने आई थबकते. आपल्या वाक्याने ती निश्चिंत होते. रंग तोच, मूल तसेच, शास्त्रज्ञांची शंका तीच. सत्याचा जो भाग एका आईला सांगण्याजोगा ठरला तो दुसरीला का नाही, या प्रश्नाला माझ्यापाशी सभ्य उत्तर नाही.

येथे कोणी म्हणेल, तज्ज्ञांनी मर्यादा घालून दिल्या आहेत, सरकारने संमती दिली आहे, मग सामान्य माणसाने ही उठाठेव का करावी? विश्वास ठेवावा. आक्षेप पोकळ नाही. तज्ज्ञांवर विश्वास ठेवल्यावाचून पाकीटच काय, नळाचे पाणीही पिता येणार नाही. पण तज्ज्ञांचे ज्ञान बदलत असते आणि ते बदलते हीच त्याची प्रतिष्ठा आहे. वनस्पती तूप आठवावे. द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या युक्तीचे पेटंट जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मान यांनी 1902 साली घेतले. पुढे आपल्याकडे दालड्याचे पिवळे डबे घरोघर गेले. तूप न परवडणाऱ्या कुटुंबांचे सणवार त्यावर साजरे झाले. त्यात ट्रान्स फॅट निर्माण होते आणि ते हृदयाला घातक आहे, हे कळायला अनेक दशके लागली. भारताने त्याची मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरवत जानेवारी 2022 पासून दोन टक्क्यांवर आणली. पावात वापरले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट 2016 पर्यंत संमत होते. दिल्लीच्या एका संस्थेने पावांच्या नमुन्यांत त्याचे अंश दाखवून दिले आणि त्याच वर्षी त्यावर बंदी आली. कालपर्यंत जे संमत होते ते आज निषिद्ध झाले. त्यात कोणाचा कट नव्हता. परंतु ज्ञान असे अपुरे असताना खाणाऱ्यापासून ते दूर ठेवणे अधिकच अनुचित ठरते. धोका त्याने पत्करायचा आहे, तर शंकाही त्याच्या कानी गेली पाहिजे.

दुसरा आक्षेप गरिबीचा आणि तो मला अधिक बोचतो. सकाळची विरार लोकल पकडणारी आई पहाटे उठून सुकेळी सुकवत बसू शकत नाही. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा हा कित्येक मुलांचा नाश्ता आहे, आणि तो महिनोन्‌महिने टिकतो म्हणूनच दूरच्या पाड्यावरच्या दुकानापर्यंत पोहोचतो. पाकिटांवर सरसकट तोंडसुख घेणारे लेख बहुधा ज्यांच्या घरी स्वयंपाकाला बाई आहे त्यांनी लिहिलेले असतात. त्या आईला 'ताजे खाऊ घाल' असा उपदेश करण्यापूर्वी तिच्या दिवसाचे तास मोजावेत. तिला उपदेश नको आहे; निवड करता येईल अशा भाषेत माहिती हवी आहे. दोन पुड्यांपैकी कोणता घ्यावा हे तिला दुकानात उभ्या उभ्या कळले पाहिजे.

आणि ते अशक्य आहे असे कोणी सांगू नये. शाकाहारी पदार्थावरचा हिरवा ठिपका निरक्षर आजीलाही वाचता येतो. समाजाला जे सांगण्याची निकड वाटली ते त्याने एका ठिपक्यात सांगून दाखवले. चिली देशाने 2016 पासून साखर, मीठ, चरबी वा उष्मांक ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक असलेल्या पाकिटांच्या दर्शनी बाजूस काळा अष्टकोन छापणे बंधनकारक केले. रस्त्यावर 'थांबा' सांगणाऱ्या पाटीच्या आकाराचा. अक्षरओळख नसलेल्या पोरालाही तो कळतो. सांगण्याची इच्छा असली की भाषा सापडते.

मात्र वेष्टनावरचे अक्षर कितीही मोठे केले तरी एक गोष्ट त्यावर मावणार नाही. 2019 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया झालेले आणि दोन आठवडे साधे, घरगुती पद्धतीचे अन्न देण्यात आले. दोन्हीकडे समोर ठेवलेल्या ताटांत साखर, मीठ, चरबी, तंतू यांचे प्रमाण सारखे होते आणि हवे तेवढे खाण्याची मोकळीक होती. अतिप्रक्रियेच्या आहारावर माणसांनी दररोज सुमारे पाचशे उष्मांक अधिक खाल्ले आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन जवळपास एक किलोने वाढले. म्हणजे घटकांची यादी सारखी असतानाही मऊपणा, चव आणि गिळण्याचा वेग मिळून हाताला थांबू देत नाहीत. संयमाला आपण आजवर केवळ मनाचा गुण मानत आलो. वेफर्सची पिशवी रिकामी करणाऱ्या मुलाला अधाशी म्हणून दटावतो. ज्या पदार्थाची घडणच हात न थांबावा अशी असते, त्याच्यासमोर त्या मुलाच्या संयमाचा हिशेब कसा मांडायचा? अधाशीपणाच्या पापात कारखान्याचा वाटा किती? हे मी प्रश्न म्हणूनच ठेवतो. वडीलधाऱ्यांनी मुलाला दटावताना तो विसरू नये, एवढेच.

शेवटी थोडे आपल्याच अंगणात. नाताळपूर्वी आणि सणांच्या दिवसांत आपल्या धर्मग्रामांतून महिला मंडळांचे, बचत गटांचे स्टॉल लागतात. बॉटल मसाला, लोणची, कोळंबीचा बलचाव, जॅम, केक असे सारे तेथे मिळते आणि आपण ते विश्वासाने घेतो, कारण करणारी बाई ओळखीची असते. पुष्कळ बरण्यांवर एकच शब्द असतो: 'घरगुती'. त्या शब्दात चव आहे, आजीची आठवण आहे, आणि पुढच्या बाजूच्या टपोऱ्या संत्र्यासारखाच तोही कधीकधी फक्त चित्राचे काम करतो. माल शेकडो बाटल्यांचा झाला, मुंबईला जाऊ लागला की चिमूटभर सोडियम बेन्झोएट त्यात येते, जॅमला थोडा लाल रंग लागतो, केकसाठी बाजारातून वनस्पती तूप आणि 'चेरी' येते. यात लाजण्यासारखे काहीच नाही. बुरशी आलेले लोणचे विकण्यापेक्षा प्रमाणात घातलेले 211 शतपटीने बरे. पण आपल्या बहिणींना मोठ्या कंपन्यांचे वकील नाहीत आणि जाहिरातदारही नाहीत. त्यांच्यापाशी आहे ती मराठी आणि ओळखीचे गिऱ्हाईक. बरणीवरची चिठ्ठी त्या स्वतःच्या हाताने लिहितात. कैरी, मीठ, मिरची, मोहरी, तेल, आणि टिकण्यासाठी सोडियम बेन्झोएट: एवढे शब्द त्या चिठ्ठीवर आरामात बसतात, 'घरगुती' या शब्दाच्या अगदी खाली.